त्रिनिदादचे भारतवंशीय आणि ‘त्रिनिदादी’ असण्याचा अर्थ

सुमेधा

१९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याविषयी वाचताना एका तपशिलापाशी मी थांबले. अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. दिलीप सरदेसाईंचे शतक आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांची दोन अर्धशतके यांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मैदानावर भारतासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत त्रिनिदादचेच नागरिक असलेले भारतवंशीय मोठ्या संख्येने होते आणि आफ्रिकी वंशाच्या अनेक देशबांधवांना ते खटकत होते, याचा उल्लेख मात्र ओझरताच येतो.

या प्रेक्षकांचे आजे-पणजे गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून गेलेले. त्यांतील बहुतेकांनी भारत कधी पाहिलेलाही नव्हता. असे असताना स्वतःच्या देशाचा संघ समोर खेळत असूनही त्यांना भारत जिंकावासा का वाटला असेल? दुसरीकडे, त्या देशाच्या राष्ट्रगीतातच प्रत्येक पंथाला आणि प्रत्येक वंशाला येथे समान स्थान आहे असे म्हटले आहे. तरीही तेथील दोन मोठ्या पक्षांपैकी एक आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आणि दुसरा भारतवंशीयांचा मानला जातो, असे प्रत्येक निवडणुकीच्या वार्तांकनात वाचायला मिळते.

जुलै २०२५ मध्ये आपले पंतप्रधान तेथे गेले, तेव्हा तेथील पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर यांचा उल्लेख बिहारची कन्या असा झाला आणि भारतवंशीयांच्या सहाव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याची घोषणाही झाली. आपल्याकडे त्याचे कौतुक झाले. मला मात्र तेथील आफ्रिकी वंशाच्या नागरिकाला हे ऐकून काय वाटले असेल, असा प्रश्न पडला. त्रिनिदादी असणे म्हणजे नेमके काय, आणि त्यात वंशाला किती जागा आहे, याविषयी ज्यांनी अभ्यास केला आहे किंवा जे तेथे राहिले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

दीपस्तंभ

सुमेधाताई, प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी उसाच्या मळ्यांत जावे लागते.

त्रिनिदाद हे बेट स्पेनच्या ताब्यात होते, पण तेथे वस्ती फार विरळ होती. १७८३ साली स्पेनच्या राजाने कॅथलिक वसाहतकारांना जमिनी देऊ केल्या. त्यामुळे फ्रेंच भाषक मळेवाले आपल्या गुलामांसह तेथे आले. १७९७ साली ब्रिटिशांनी बेट जिंकले. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली. उमेदवारीच्या, म्हणजे शिकाऊ कामगारीच्या नावाखालची सक्ती मात्र १ ऑगस्ट १८३८ पर्यंत चालू राहिली. त्यानंतर मुक्त झालेले आफ्रिकी वंशाचे मजूर एक तर मळे सोडून गेले किंवा त्यांनी बरी मजुरी मागितली, आणि ती मागणी मोडून काढण्यासाठी मळेवाल्यांनी करारबद्ध मजुरांचा मार्ग निवडला. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज सुमारे सव्वादोनशे भारतीयांना घेऊन पोहोचले आणि १९१७ पर्यंत जवळजवळ एक लाख चव्वेचाळीस हजार लोक अशा रीतीने तेथे नेले गेले. त्यांना आणण्याच्या खर्चाचा एक भाग वसाहतीच्या सार्वजनिक महसुलातून भागवला जाई. म्हणजे काल गुलामीतून सुटलेल्या माणसाने भरलेल्या करातून त्याचीच मजुरी पाडणारा माणूस आणला जात होता. दोन समाजांची पहिली भेट या परिस्थितीत झाली, आणि ती दोघांपैकी कोणीही निवडलेली नव्हती.

गिरमिटियांवर कराराचे बंधन होते. कामावर गैरहजर राहणे हा फौजदारी गुन्हा होता आणि मळ्याबाहेर पडायचे तर परवान्याचा कागद जवळ असावा लागे. १८६९ पासून काही वर्षे परतीच्या प्रवासाच्या बदल्यात जमीन देण्याची योजना राबवली गेली. बहुसंख्य लोक तेथेच राहिले आणि बेटाच्या मध्य व दक्षिण भागात, कारोनी, चाग्वानास, पेनाल, डेबे या परिसरांत त्यांची गावे वसली. आफ्रिकी वंशाची वस्ती पोर्ट ऑफ स्पेन आणि त्याच्या आसपास वाढली. पुढे तेलक्षेत्रे, बंदर, पोलीस, शिक्षकी पेशा आणि सरकारी नोकरी यांत ती पसरली. काम वेगळे, वस्ती वेगळी, धर्म वेगळा, आणि एकमेकांविषयीची मते बहुतेक मळेवाल्यांकडून उसनी घेतलेली: आफ्रिकी माणूस आळशी आणि उधळा, भारतीय माणूस कंजूष आणि आपमतलबी. ही वाक्ये आजही निवडणुकीच्या दिवसांत ऐकू येतात.

भारतीयांच्या परकेपणाला कायद्याचेही खतपाणी मिळाले. हिंदू पद्धतीने लागलेल्या लग्नांना तेथील कायद्याने १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मान्यता नव्हती. गावाने, पुरोहिताने आणि दोन्ही घरांनी मान्य केलेल्या विवाहाची संतती सरकारी नोंदीत अनौरस ठरत असे. ज्या राज्यसंस्थेने आपल्या आईवडिलांचे लग्नच मानले नाही, तिच्याशी एकरूप होणे त्या पिढीला किती अवघड गेले असेल, याचा विचार करावा.

राष्ट्रवाद आला तो या पार्श्वभूमीवर. १९५६ साली डॉ. एरिक विल्यम्स यांनी पीपल्स नॅशनल मूव्हमेंट हा पक्ष स्थापन केला. विल्यम्स हे थोर इतिहासकार होते आणि गुलामगिरीच्या अर्थकारणावरील त्यांचे काम जगभर वाचले जाते. परंतु १९५८ च्या वेस्ट इंडीज महासंघाच्या निवडणुकीत त्रिनिदादमध्ये पक्षाची पीछेहाट होताच त्यांनी जाहीर सभेत भारतीयांना आडमुठे आणि वैरभाव बाळगणारे अल्पसंख्य ठरवले. ते शब्द भारतीय घरांत अजूनही विसरले गेलेले नाहीत. १९६१ ची निवडणूक अत्यंत तणावात झाली. विरोधी पक्षनेते रुद्रनाथ कपिलदेव हे लंडनमध्ये अध्यापन करणारे गणितज्ञ होते, पण त्यांनीही सभेत समर्थकांना शस्त्रे उचलण्याची चिथावणी देण्यापर्यंत मजल मारली. विल्यम्स यांच्या पक्षाला तीसपैकी वीस जागा मिळाल्या. १९६२ साली लंडनच्या मार्लबरो हाउसमधील वाटाघाटींत दोघांनी समझोता केला आणि ३१ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, हे दोघांचेही मोठेपण मी मानतो.

स्वातंत्र्याच्या वेळी विल्यम्स यांनी मांडलेली भूमिका प्रसिद्ध आहे. भारतातून आलेल्यांसाठी भारतमाता नाही, आफ्रिकेतून आलेल्यांसाठी आफ्रिकामाता नाही. या देशाची माता एकच, आणि ती लेकरांत भेद करू शकत नाही, असा तिचा आशय होता. तत्त्व म्हणून याला कोण हरकत घेईल? व्यवहारात मात्र राष्ट्रीय संस्कृती म्हणून जे उभे राहिले ते कार्निव्हल, कॅलिप्सो ही गाणी आणि स्टीलपॅन हे पोलादी वाद्य. फगवा (होळी), रामलीला, भोजपुरी लग्नगीते आणि अंगणातल्या झेंड्या या गोष्टी एका जमातीच्या ठरल्या. आफ्रिकी-क्रिओल (तेथेच घडलेल्या मिश्र संस्कृतीतला) माणूस जसा होता तसाच त्रिनिदादी ठरला, आणि भारतीयाला त्रिनिदादी होण्यासाठी आपले काहीतरी दारात ठेवून आत यावे लागले.

म्हणून ओव्हलवरच्या त्या टाळ्यांचा मला लागणारा अर्थ असा आहे की त्या दिल्लीला ऐकवण्यासाठी वाजत नव्हत्या. आम्हीही येथे आहोत, आमच्यासारखे दिसणारे, आमच्यासारखी नावे असणारे लोकही जिंकू शकतात, असे त्या पोर्ट ऑफ स्पेनला सांगत होत्या. हा त्रिनिदादच्या घरातला वाद होता आणि भारत त्यात केवळ निमित्त होता.

---

सागरवेळ

दीपस्तंभ यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे पोर्ट ऑफ स्पेनला राहिलो आहे, आणि भारतातून गेलेल्या माणसाला ही कथा साहजिकच भारतवंशीयांकडून आधी ऐकायला मिळते. त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

आफ्रिकी-क्रिओल संस्कृती जशी होती तशी राष्ट्रीय ठरली, हे विधान अपुरे आहे. कार्निव्हलमधील मशाली आणि ढोल यांवरून १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलीस आणि जमाव यांच्यात मोठा संघर्ष झाला आणि १८८४ च्या अध्यादेशाने त्यांवर बंधने आली. कातडी ढोल वाजवता येईना, म्हणून बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरणारी पथके निघाली, पुढे बिस्किटांचे डबे आले आणि शेवटी तेलाच्या पिंपांपासून स्टीलपॅन घडले. लाव्हेंटीलच्या टेकडीवरील ज्या गरीब मुलांनी हे वाद्य घडवले, त्यांना सभ्य समाज गुंड समजत असे आणि पोलीस पकडून नेत. आफ्रिकी परंपरेचा ठसा असलेला ‘स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट’ हा ख्रिस्ती पंथ १९१७ ते १९५१ इतका काळ कायद्याने बंदी घातलेला होता. त्यांना मोकळेपणी प्रार्थनाही करता येत नव्हती. तेव्हा १९९२ साली स्टीलपॅनला राष्ट्रीय वाद्याचा दर्जा मिळाला, तेव्हा तो लाव्हेंटीलच्या माणसाला स्वतः झगडून मिळवलेला सन्मान वाटला. त्याला कोणी पक्षपात म्हटले, की त्याच्या काळजाला घर पडते.

त्याच १८८४ साली ३० ऑक्टोबरला सान फर्नांडोजवळ मोहरमच्या मिरवणुकांवर गोळीबार झाला. तेथे मोहरमला होसे म्हणतात. मळ्यांतून ताबूत घेऊन शहराकडे निघालेल्या मजुरांत मुसलमानांइतकेच हिंदू होते, आणि आफ्रिकी वंशाचे लोकही अशा मिरवणुकांत सामील होत. किमान सोळा माणसे मारली गेली. एकाच सरकारने एकाच वर्षात एका समाजाचे ढोल बंद केले आणि दुसऱ्याच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. तरी एका समाजाने पहिली घटना लक्षात ठेवली, दुसऱ्याने दुसरी. या दोन आठवणी शाळेच्या एकाच धड्यात एकत्र शिकवल्या गेल्या असत्या, तर पुढचे पुष्कळ काही वेगळे झाले असते असे मला मनापासून वाटते.

सीमा कागदावर दिसते तेवढी पक्की नाही, हेही सांगायला हवे. रेनेगेड्स या पोर्ट ऑफ स्पेनच्या स्टीलपॅन पथकाला पॅनोरमा स्पर्धेची नऊ विजेतेपदे मिळवून देणारे संगीतरचनाकार जित समारू भारतवंशीय होते. होसेमधला ताशा (आपल्या ढोल-ताशातलाच) पोर्ट ऑफ स्पेनमधल्या सेंट जेम्समध्ये आफ्रिकी वंशाची मुले सफाईने वाजवतात. डबल्सच्या (छोले घातलेल्या पुऱ्यांच्या) गाडीपाशी सकाळी रांगेत कोण कोणत्या वंशाचा आहे हे कोणी पाहत नाही. पण यावरून सारे आलबेल आहे असा निष्कर्ष काढणारे पाहुणे मला तेथे बरेच भेटले, आणि त्यांच्याशी मी कधीच सहमत होऊ शकलो नाही. एकत्र खाणे आणि एकत्र सत्ता भोगणे यांत फार अंतर आहे.

राष्ट्राची चिन्हे हळूहळू बदलत गेली, याची नोंद मात्र घ्यावी. दिवाळीची सार्वजनिक सुटी १९६६ पासून आहे, गुलामगिरीतून मुक्तीच्या दिनाची १९८५ पासून. भारतीयांच्या आगमनाच्या दिवसाची सुटी १९९५ साली, म्हणजे दीडशेव्या वर्षी सुरू झाली. ‘ट्रिनिटी क्रॉस’ हा सर्वोच्च नागरी सन्मान नावाने आणि आकाराने ख्रिस्ती असल्यामुळे हिंदू व मुस्लिम नागरिकांवर अन्याय करतो, अशी याचिका सनातन धर्म महासभेने केली होती. २००६ साली उच्च न्यायालयाने हा भेदभाव मान्य केला आणि २००८ साली त्या सन्मानाच्या जागी ‘ऑर्डर ऑफ द रिपब्लिक’ आला. अलीकडे, २०२५ च्या जानेवारीत, देशाच्या राजचिन्हावरील कोलंबसाची तीन जहाजे काढून तेथे स्टीलपॅन बसवण्याचा कायदा झाला. जहाजे गेल्याचे दुःख फारसे कोणाला झाले नसेल. ताशालाही राष्ट्रीय वाद्य मानावे ही मागणी मात्र जुनी आहे, आणि ती मला रास्त वाटते.

---

मंदार_स

दोन्ही प्रतिसाद वाचले. माझे मत थोडे कठोर आहे. संस्कृतीची चर्चा कितीही केली तरी शेवटी तेथे डोकी मोजली जातात. २०११ च्या जनगणनेत भारतवंशीय ३५.४ टक्के आणि आफ्रिकी वंशाचे ३४.२ टक्के होते. इतके जवळचे आकडे असल्यावर प्रत्येक पक्ष आपल्या वंशाची मते गोळा करणार आणि सत्ता आली की आपल्याच लोकांना नोकऱ्या-कंत्राटे देणार. ‘त्रिनिदादी’ ही ओळख कार्निव्हलच्या दोन दिवसांपुरती आणि क्रिकेटपुरती उरते, आणि क्रिकेटमध्येही ती टिकली नाही, हे सुमेधाताईंच्या प्रश्नातच आले आहे.

---

सुमेधा

दीपस्तंभ आणि सागरवेळ यांचे मनःपूर्वक आभार. १८८४ च्या दोन घटना एकाच वर्षातल्या आहेत हे मला ठाऊक नव्हते.

मंदार, तुम्ही म्हणता ते पूर्ण खरे असेल, तर अशा देशात यादवी माजायला हवी होती. तशी ती शेजारच्या गयानात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला माजली, शेकडो माणसे मारली गेली. त्रिनिदादमध्ये तसे घडले नाही. दोन वंश, दोन पक्ष, जवळजवळ समान संख्या, आणि तरी सत्तांतरे मतपेटीतून होतात. हे कसे जमले, याविषयी कोणी लिहू शकेल का?

---

रेवती

मंदार यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. वंशानुसार मतदान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते का होते आणि केव्हा मोडते, हे पाहिले पाहिजे.

१९३७ साली दक्षिणेकडील तेलक्षेत्रांत मोठा संप आणि दंगल झाली. तिचे नेते ट्यूबल युराया बटलर हे ग्रेनाडाहून आलेले आफ्रिकी वंशाचे कामगार व धर्मोपदेशक. बटलर भूमिगत आणि नंतर तुरुंगात असताना तेल कामगारांची संघटना बांधली ती एड्रियन कोला रिएंझी या वकिलाने. हे नाव ऐकून फसू नये. त्यांचे जन्मनाव कृष्ण देवनारायण. बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या तेल कामगारांचा आणि बहुतांशी भारतवंशीय ऊस कामगारांचा, अशा दोन्ही संघटनांचा अध्यक्ष एकाच वेळी एकच माणूस होता. पोटाचा प्रश्न समोर आला तेव्हा कामगारांना वंश आड आला नाही, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

दुसरे वर्ष १९७०. ब्लॅक पॉवरच्या आंदोलनात पोर्ट ऑफ स्पेनहून हजारो आफ्रिकी वंशाचे तरुण १२ मार्च रोजी उसाच्या पट्ट्यात कारोनीकडे चालत गेले, भारतीय आणि आफ्रिकी एक व्हा अशी घोषणा देत. वाटेवरच्या गावांतील लोकांनी त्यांना पाणी दिले. पण गावकरी मोठ्या संख्येने चळवळीत उतरले नाहीत, कारण काळ्यांच्या सत्तेच्या नावाने चालणाऱ्या चळवळीत आपले स्थान काय, हे त्यांना कोणी नीट सांगितले नव्हते. एप्रिलमध्ये ऊस कामगारही संपावर येऊन दोन्ही प्रवाह मिळतील अशी चिन्हे दिसू लागली आणि २१ तारखेला सरकारने आणीबाणी जाहीर केली. वेळ पाहिली की सरकारला कशाचे भय वाटत होते ते कळते.

तिसरे, १९८६. आफ्रिकी आणि भारतीय मते एकत्र आणणाऱ्या नॅशनल अलायन्स फॉर रिकन्स्ट्रक्शनने ३६ पैकी ३३ जागा जिंकून पीपल्स नॅशनल मूव्हमेंटची तीस वर्षांची सत्ता उलथवली. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्या अपयशाचे वाईटही वाटते. सत्तेतला वाटा कोणाला किती यावरून पंतप्रधान रॉबिन्सन आणि भारतवंशीय नेते बासदेव पांडे यांचे फाटले, आणि दोन वर्षांत पांडे व त्यांचे सहकारी बाहेर पडले. पुढे १९९५ साली दोन्ही मोठ्या पक्षांना प्रत्येकी १७ जागा मिळाल्या, तेव्हा रॉबिन्सन यांच्या दोन जागांच्या पाठिंब्यावर पांडे देशाचे पहिले भारतवंशीय पंतप्रधान झाले. २००१ मध्ये निकाल १८-१८ असा लागला. आता राष्ट्रपतिपदावर रॉबिन्सन होते. त्यांनी पीपल्स नॅशनल मूव्हमेंटच्या पॅट्रिक मॅनिंग यांना पंतप्रधान नेमले. भारतवंशीय समाजात याविषयी तीव्र संताप होता, आणि तो मला समजतो, कारण पांडे यांच्याकडे मतेही अधिक होती. तरी सैन्य बाहेर आले नाही, गावे जळली नाहीत. प्रकरण पुन्हा मतदारांकडे गेले.

हे का जमले, याची माझी कारणे अशी. गयानात शीतयुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिका यांनी डाव्या विचारांचे भारतवंशीय नेते छेदी जगन यांना सत्तेपासून दूर ठेवण्यासाठी थेट हस्तक्षेप केला आणि नंतर त्यांचे प्रतिस्पर्धी बर्नहॅम यांनी निवडणुकाच पोकळ करून टाकल्या. त्रिनिदाद त्यातून वाचला. तेल आणि वायूचा पैसा असल्यामुळे हरलेल्या बाजूलाही काही ना काही मिळत राहिले. न्यायालये, वृत्तपत्रे आणि संघटना जिवंत राहिल्या. आणखी एक कारण शाळांचे आहे: १९६० च्या करारानुसार धार्मिक संस्थांच्या शाळा सरकारी अनुदानावर चालू राहिल्या, सामायिक परीक्षेतून मुले घ्यायची आणि वीस टक्के जागा संस्थेच्या पसंतीच्या, अशी व्यवस्था झाली. त्यामुळे हिंदू मुलगा प्रेस्बिटेरियन शाळेत आणि आफ्रिकी वंशाची मुलगी हिंदू शाळेत शिकते, हे दृश्य तेथे नेहमीचे आहे.

तेल मात्र सर्वांना सारखे पुरत नाही. २००३ साली कारोनी ही सरकारी साखर कंपनी बंद झाली आणि सुमारे नऊ हजार कामगारांची, बहुतांशी भारतवंशीयांची, नोकरी गेली. तेव्हा हा वांशिक सूड आहे असे म्हटले गेले. २०१८ साली त्याच पक्षाच्या, म्हणजे पीपल्स नॅशनल मूव्हमेंटच्या सरकारने पेट्रोट्रिन या सरकारी तेल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना बंद केला, आणि त्या वेळी झळ बसलेल्यांत आफ्रिकी वंशाचे कामगार मोठ्या संख्येने होते. एप्रिल २०२५ मध्ये प्रसाद-बिसेसर यांच्या पक्षाला ४१ पैकी २६ जागा मिळाल्या, त्यात तेल कामगारांच्या संघटनेच्या नेतृत्वाने दिलेल्या जाहीर पाठिंब्याचा वाटा होता. मंदार, केवळ डोकी मोजून हा निकाल समजावून सांगता येत नाही.

---

मंदार_स

२०२५ च्या निकालाबाबतचा मुद्दा मान्य. पण सत्तेत आल्यावर नेमणुका कोणाच्या होतात ते पाहावे लागेल. १९८६ ची आघाडीसुद्धा नेमकी तेथेच फुटली.

---

पारिजात

आतापर्यंतची सारी चर्चा दोन वंशांची झाली. याच चौकटीत मोठी माणुसकी हरवते असे मला वाटते, म्हणून थोडे लिहितो.

ज्या जनगणनेचे आकडे वर दिले आहेत, तिच्यातच सुमारे २३ टक्के लोकांनी स्वतःला मिश्रवंशीय म्हटले आहे, आणि त्यांतच एकूण लोकसंख्येच्या ७.७ टक्के लोकांनी आफ्रिकी-भारतीय मिश्रण अशी वेगळी नोंद केली आहे. तेथे त्यांना डगला म्हणतात. भारतीय घरांत हा शब्द फार काळ शिवीसारखा वापरला गेला, कारण मुलीने आफ्रिकी वंशाच्या मुलाशी लग्न करणे हे कुळाला लागलेले लांच्छन समजले जाई. गिरमिटच्या जहाजांवर आणि मळ्यांच्या बराकींत जातींची उतरंड पुष्कळशी मोडली. काळ्या माणसाविषयीची घृणा मात्र मोडली नाही. भारतवंशीयांच्या वेदनेविषयी बोलताना आपण हे झाकून ठेवू नये. १९६१ साली ‘मायटी डगला’ या नावाने गाणारा कलावंत कॅलिप्सोचा विजेता ठरला. सगळ्यांना आपापल्या पूर्वजांच्या देशी परत धाडायचे ठरले तर माझे काय करणार, दोन तुकडे करणार का, हा त्याच्या गाण्याचा प्रश्न होता. स्वातंत्र्याला एक वर्ष उरले असताना विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर ना कपिलदेवांकडे होते, ना विल्यम्सांकडे.

टोबॅगोचे वेगळेच आहे. हे बेट १८८९ साली प्रशासनाच्या सोयीसाठी त्रिनिदादला जोडले गेले. तेथे लोकसंख्येपैकी ८५ टक्के आफ्रिकी वंशाचे आहेत, त्यामुळे भारतीय-आफ्रिकी स्पर्धा ही त्यांची कथाच नाही. पोर्ट ऑफ स्पेन आपल्याला दुय्यम मानते, ही त्यांची तक्रार आहे. २०२५ मध्ये टोबॅगोच्या दोन्ही जागा दोन्ही मोठ्या पक्षांना न देता त्यांनी स्वतःच्या स्थानिक पक्षाला दिल्या. अरिमाच्या आदिवासी समाजाला तर स्वतःच्या सन्मानार्थ सार्वजनिक सुटी मिळाली ती २०१७ मध्ये, आणि तीही एकाच वर्षापुरती.

सुमेधाताईंनी ओसीआय कार्डाबद्दल विचारले होते, त्यावर माझे मत असे. त्रिनिदादला गेलेली जहाजे मुख्यतः कलकत्त्याहून आणि काही मद्रासहून सुटली. मुंबई बंदरातून मराठी माणसे गेली ती मॉरिशसला. म्हणून आपल्यापैकी कोणाची तेथे सोयरीक निघण्याची शक्यता जवळजवळ नाही, आणि कदाचित म्हणूनच आपण थोड्या अंतरावरून पाहू शकतो. ज्याला पूर्वजांचे गाव शोधायचे आहे त्याला कागदपत्रे सोपी व्हावीत, हे चांगलेच आहे. बक्सर जिल्ह्यातील भेलुपूरला कमला प्रसाद-बिसेसर स्वतः २०१२ मध्ये गेल्या होत्या, तेव्हा त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. पण निवडून आलेल्या एका सार्वभौम देशाच्या पंतप्रधानांना आपण आपल्या एका प्रांताची कन्या म्हणून मिरवतो, तेव्हा त्यांना मत देणाऱ्या तेल कामगाराला आपण हिशेबातच धरत नाही. तुमचे मूळ घर दुसरीकडे आहे, हे भारतवंशीयांच्या विरोधकांचे सर्वांत जुने वाक्य आहे. ते आता आपणच कौतुकाने उच्चारत आहोत, आणि त्याचे परिणाम तेथील माणसांना सोसावे लागतात.